पांढुर्ण्याचा ताम्रपट

दिवाळीत मुलीला घेऊन बंगळुरूहून गावी, पांढुर्ण्याला गेलो. जाम नदीच्या पुलावर तिने विचारलं, "बाबा, इथे राजा होता का?"

होता. पाचव्या शतकात हा मुलूख वाकाटकांचा होता. दुसऱ्या प्रवरसेनाने राज्याच्या २९व्या वर्षी दिलेल्या जमिनीचा लेख 'पांढुर्णा ताम्रपट' म्हणूनच ओळखला जातो. त्याची आई प्रभावतीगुप्त ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. राजधानी आधी रामटेकजवळचं नंदिवर्धन, मग प्रवरपूर. पुढे वाशीमच्या शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची देखणी लेणी कोरली गेली. पण त्याच्यानंतर थोड्याच वर्षांत सगळं कोसळलं. महाल गेले, तांब्याचे पत्रे उरले.

"आणखी काय उरलं?"

प्रवरसेनाच्या नावावरचं 'सेतुबंध' हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. आपली मराठी त्याच वंशातली. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. तरी आमच्या घरी मराठीच टिकली.

पण मुलीला आजीचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. परतीचं तिकीट मी आठ दिवस पुढे ढकललं.