मनाईची पाटी

तिचं वय सांगता येत नाही. पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवलेली असेल तर कडा गंजलेल्या, फ्लेक्सची असेल तर उन्हानं तांबडा रंग विटून गुलाबी झालेला, आणि काचेच्या दारावरचं स्टिकर असेल तर एक कोपरा पोरांनी नखानं सोललेला. बेळगावात, चिकोडीत, निपाणीत, जिथं पैसा, न्याय किंवा सरकार मुक्कामाला असतं, तिथं दारात ही उभी. शस्त्रे आत नेण्यास मनाई आहे. एवढंच तिचं म्हणणं, पण स्वभाव दारागणिक वेगळा.

कोर्टाच्या फाटकावर ती करारी असते. कन्नड आणि इंग्रजीत बोलते, मराठीशी ओळख दाखवत नाही. मॉलच्या दारात तिला एकटं उभं राहायला मिळत नाही. कुत्रा, सिगारेट, बाहेरचा खाऊ आणि पिस्तूल अशी चार चित्रं ओळीनं, आणि चौघांवर एकसारखी तिरकी लाल रेघ. डब्यातला सामोसा आणि कमरेचं पिस्तूल यांचा गुन्हा तिच्या लेखी एकाच तोलाचा. एखाद्या इमारतीत खाली बँक, वर विम्याचं ऑफिस, त्याच्या वर दातांचा डॉक्टर. पाटी फक्त खाली. जिना एकच आहे, पण दात काढायला जाणाऱ्यानं काय घेऊन जावं याबद्दल तिचं काही मत नाही. मंगल कार्यालयात तर ती नसतेच. तिथं बाहेरचा केटरर आणू नये, ही तिची थोरली जाऊ राज्य करते. खरं तर लग्नात हवेत बार काढण्याच्या हौसेपायी माणसं मेलेली आहेत. हा शौक उत्तरेकडचा जास्त. त्यासाठी २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा घालावी लागली. जिथं तिची गरज असायची, तिथं तिला कुणी आमंत्रणच धाडत नाही.

चित्रातलं पिस्तूल मात्र सगळीकडे तेच. छोटं, काळं, सिनेमातलं. ते पाहून मला नेहमी वाटतं, हिला आपला मुलूख ठाऊकच नाही. आमच्याकडे घरात बंदूक असलीच तर ती लांब. खानापूरच्या जंगलपट्टीत, जांबोटी-कणकुंबीकडे, भाताला गवा आणि डुक्कर येतात म्हणून आजोबांच्या काळापासून भिंतीला टांगलेली ठासणीची, किंवा बारा बोअरची एकनळी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि स्वसंरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. वीस इंचांची नळी धोतराच्या सोग्यात लपत नाही. ती घेऊन आमचे शेतकरी तात्या बँकेत पीककर्जाचं व्याज भरायला येणार, अशी पाटीला काळजी. तात्या येतात, पण त्यांच्या हातात पिशवी असते आणि पिशवीत पासबुक, सातबारा नाहीतर इकडचा उतारा, आणि वाटेत धार लावायला घेतलेला कोयता.

कोयत्यापुढे पाटी निरुत्तर होते. कायद्यानंच तिची पंचाईत केली आहे. निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेली वस्तू शस्त्र ठरत नाही, असं व्याख्येतच लिहिलंय. ऊसतोडीचा कोयता हे अवजार, आणि तोच कोयता भांडणात उगारला की पोलिसांच्या पंचनाम्यात हत्यार. वस्तू बदलत नाही, प्रसंग बदलतो, आणि पाटीला प्रसंग वाचता येत नाही. शिखांच्या कृपाणाला तर राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणातच जागा दिलेली आहे. खंडेनवमीला हीच पाटी असलेल्या कचेऱ्यांतून शस्त्रपूजा होते, तेव्हा तिच्यावरही हळदकुंकू पडतं. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, त्यात तलवारी असतात, दांडपट्टा फिरतो. कुठली तलवार धार नसलेली, कुठली असलेली, हे बघायला पाटी कधी खाली उतरली नाही.

तिच्या शेजारी बसणारा माणूस हा खरा मजेचा. बँकेचा राखणदार, सगळे त्याला मामा म्हणतात. फौजेतून पेन्शनीत आलेला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे अशा मामांचा इकडे तुटवडा नाही. मामाच्या मांडीवर आडवी दुनळी. डोक्यावर पाटी: शस्त्रास मनाई. एकदा मी त्यांना म्हटलं, “मामा, ही पाटी आणि तुमची बंदूक यांचं जमतं कसं?” मामांनी वर बघितलंसुद्धा नाही. “ती लोकास्नी हाय. मी लोक हाय काय?” मग एका पोराला थांबवून त्यांनी त्याचं हेल्मेट काढायला लावलं. डोकं झाकून आत कुणी शिरू नये, कॅमेऱ्यात तोंड दिसलं पाहिजे, हा नियम मामा जिवापाड पाळतात. दिवसभरात ते जेवढी हेल्मेटं उतरवतात, तेवढी शस्त्रं त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिलेली नसतील.

पाटीची एक चुलतबहीण टेक्सासात आहे. तिचा थाट निराळा. तिथल्या दंडसंहितेचं ३०.०६ कलम तिच्यासाठीच लिहिलेलं. शब्द कायद्यानं ठरवून दिलेले, अक्षरं किमान एक इंच उंचीची, रंग पार्श्वभूमीवर उठून दिसणारा, आणि भाषा दोन, इंग्रजी आणि स्पॅनिश. पिस्तूल झाकून नेणाऱ्यासाठी ही पाटी. उघडं लावून येणाऱ्यासाठी ३०.०७ ची दुसरी. २०२१ पासून विनापरवानाही पिस्तूल बाळगता येऊ लागलं, मग ३०.०५ ची तिसरी. ह्यूस्टनमधल्या दुकानाच्या दारात तीन पाट्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, आणि अक्षर पाव इंचानं कमी पडलं तर त्यावरून वकील भांडू शकतो. दुसऱ्या काही राज्यांत मात्र पाटी ओलांडली म्हणून गुन्हा होत नाही. मालकानं निघ म्हटल्यावरही नाही निघालास, तर घुसखोरी.

आमच्या पाटीची अक्षरं कुणी फुटपट्टी लावून मोजलेली नाहीत. तिच्या अंगावर कलमाचा आकडा नसतो. बँकेच्या दारातली असेल तर ती मालकाची इच्छा तेवढी बोलून दाखवते. खरं बळ आहे ते परवान्याच्या छापील अटींत. जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, जमावात शस्त्र नेऊ नये, शाळा-कॉलेजच्या आवारात नेऊ नये, हे तात्यांच्या लायसन्सवर आधीच आहे. २०१६ च्या नियमांनी आणखी सांगितलं की सार्वजनिक जागी बंदूक न्यायची तर ती पूर्ण झाकलेली हवी. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत झाकून नेण्यालाच वर्षानुवर्षं वेगळी परवानगी लागे. आपल्याकडे झाकणं हाच नियम, आणि उघडी मिरवली तर परवाना जाण्याची वेळ. तेव्हा पाटी ज्या माणसाला दटावते तो एकतर परवानेदार आहे आणि त्याला हे सगळं आधीच बंधनकारक आहे, किंवा बिनपरवान्याचा आहे आणि त्याला पाटीची पर्वा नाही. मधला कुणी नाहीच.

खरी मनाई भिंतीवर नसते, ती कागदावर येते. आणि सीमेवर कागद दोन जागांहून येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. तेव्हा इथं १९५१ चा मुंबई पोलीस कायदा होता, त्याचंच ३७ वं कलम अजून कागल-कोल्हापुरात चालतं. पेपरात येणारा मनाई आदेश तो. दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीत उतरलं की १९६३ चा कर्नाटक पोलीस कायदा, कलम ३५. यादी जवळपास तीच, बंदुका, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या. फक्त सही दुसऱ्या जिल्हाधिकाऱ्याची. १ नोव्हेंबर कर्नाटकाचा सण आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस; आदेशांच्या तारखा मात्र दोन्हीकडे जुळतातच असं नाही. परवान्यावरची हद्द आणखी निराळी. जिल्ह्यापुरता परवाना असेल तर निपाणीच्या शेतकऱ्याची बंदूक नदीवरच थांबते. त्याची जमीन पलीकडे असली तरी. डुक्कर मात्र दोन्ही तीरांवर ऊस खातं.

निवडणूक आली की हा कागद घरापर्यंत येतो: शस्त्र ठाण्यात जमा करा. २०२४ ची लोकसभा १६ मार्चला जाहीर झाली, चिकोडी, बेळगाव, कोल्हापूर तिन्हीकडे मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. निकालानंतर आठवडा उलटला की शस्त्रं परत. म्हणजे ज्यांच्याकडून घेतली त्यांचा सबंध उन्हाळा गेला. मग ऑक्टोबरात महाराष्ट्र विधानसभेची आचारसंहिता लागली. आता बंदी पलीकडे. अलीकडच्या बंदुका घरी, पलीकडच्या ठाण्यात, आणि मध्ये एक नदी. मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलंय की सरसकट सगळ्यांची शस्त्रं काढून घेऊ नका, समितीनं एकेक परवानेदार तपासावा. निवडणूक आयोगानंही ते मानलं. पण ठाण्यातून निरोप आल्यावर ‘समितीची बैठक झाली का हो साहेब’ असं विचारणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. तात्या बंदूक पोत्यात गुंडाळतात, एसटीनं जातात, पावती घेऊन येतात. “वर्षातनं एकदा माहेरी जातीया,” असं म्हणतात.

अशा कागदानं एकदा इथं रक्त सांडलं होतं. १८५७ साली कंपनी सरकारनं हत्यारं नोंदवा, नाहीतर जमा करा, असा कायदा आणला. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेड जमातीनं तो धुडकावला. नोव्हेंबरात फौज आली, गाव जाळलं, पुढे अनेकांना फाशी दिलं. १८७८ ला व्हाइसरॉय लिटनच्या कायद्यानं परवान्याची सक्ती पक्की केली. कर्नाटकातच आज कोडगूच्या कोडवांना मात्र परवान्यातून सूट आहे, ती २०१९ मध्ये पुन्हा दहा वर्षांनी वाढवली. बेळगावचा शेतकरी आणि कोडगूचा कोडव एकाच विधानसभेचे मतदार; एकाला बंदुकीसाठी चकरा, दुसऱ्याला ती पूजेच्या जागी.

सीमाभागातल्या माणसाला बंदूक ठाऊक आहे ती बहुधा नळीच्या समोरून. १७ जानेवारी १९५६ चा सीमाप्रश्नाच्या आंदोलनातला गोळीबार, ६ एप्रिल १९८१ चा निपाणीतल्या तंबाखू आंदोलकांवरचा, १ जून १९८६ चा कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातला, ज्याचं हुतात्मा स्मारक हिंडलग्याला आहे. त्या बंदुका कुठल्याही दारातून आल्या नव्हत्या, आणि त्यांना अडवणारी पाटी अजून कुणी रंगवलेली नाही. या पाटीवर मी रागावत नाही, ते यामुळेच. तिची ताकद तिला ठाऊक आहे.

परवा बँकेनं ती बदलली. कन्नड अक्षरं मोठी, खाली बारीक इंग्रजी. मराठी ओळ, जी आधी तिसऱ्या क्रमांकावर अंग चोरून उभी होती, ती नाहीशी. पिस्तूल तेवढं जसंच्या तसं. खेड्याकडून आलेली एक म्हातारी दारात थबकली आणि मामांना म्हणाली, “काय लिवलंय ओ त्याच्यावर?”

मामांनी या वेळी वर बघितलं.

“हेल्मेट काढा म्हणतंय. तुम्ही जावा आत.”