टिकाऊ नाते, रीतसर शाबीत

विवाहित जोडप्याने दाखला पुढे केला की बहुधा भागते. अविवाहितांना आधी आपली कथा सांगावी लागते आणि मग तिला पुरावे जोडावे लागतात. डब्लिनमध्ये वास्तव्याच्या परवान्यासाठी कागद जमवताना हा भेद आम्हा दोघांना प्रथम कायद्याचा वाटला. पुढे तो भाषेचाही आहे हे उमगत गेले.

आमच्यापैकी एक पोर्तुगालचा नागरिक. त्याचे आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या, मडगावात जन्मले. त्या जन्मनोंदीच्या आधारे नातू युरोपीय झाला आणि भारतीय नागरिकत्वाला मुकला. दुसरी कोल्हापूरची, भारतीय. पोर्तुगीज नागरिक आयर्लंडमध्ये नोकरी करतो, म्हणून युरोपीय संघाचा २००४ चा मुक्तसंचाराचा निर्देश आम्हाला लागू होतो. गंमत अशी की आयरिश माणसाला स्वतःच्या देशात तो सहसा लागू होत नाही.

या निर्देशात कुटुंबाच्या दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर पती-पत्नी. त्यांना वास्तव्याचा हक्क असतो. नोंदणीकृत सहचरांनाही तो मिळतो, मात्र यजमान देश ती नोंदणी विवाहासमान मानत असेल तरच. आयर्लंडने २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिल्यावर नवी सहचर-नोंदणी थांबवली, त्यामुळे इथे तो मार्ग उरला नाही. खालच्या पायरीवर आम्ही: ज्यांचे नाते टिकाऊ आहे आणि तसे रीतसर शाबीत झाले आहे, असे जोडीदार. अशांचा प्रवेश व वास्तव्य राज्याने 'सुकर करावे', एवढेच निर्देश म्हणतो. २०१२ मध्ये रहमान खटल्यात युरोपीय न्यायालयाने या क्रियापदाचा अर्थ लावला. प्रत्येक अर्ज मंजूर करण्याचे बंधन राज्यावर नाही. परंतु अर्जदाराच्या परिस्थितीची सखोल तपासणी झाली पाहिजे आणि नकार सकारण असला पाहिजे. कोल्हापूरकरणीच्या सध्याच्या परवान्याची मुदत सरत आली आहे. आमचे एका घरात राहणे तूर्त या एका क्रियापदावर तोलले आहे.

आणि 'टिकाऊ' हे विशेषण! मराठीत ते आपण सतरंजीला लावतो, चपलेला लावतो. नात्यासाठी आपल्याकडे 'अतूट' आहे, 'जन्मोजन्मीचे' आहे. आरंभी हा शब्द आम्हाला कोता वाटला. आता त्याच्याविषयी आदर वाटतो. 'अतूट' हा पुढचा वायदा असतो; टिकाऊपणा मात्र वस्तू वापरात झिजल्यावरच कळतो. म्हणूनच इथे साधारण दोन वर्षांच्या सहवासाचा पुरावा अपेक्षित असतो: भाडेकरार, वीजबिले, बँकेचे संयुक्त खाते. आपल्याकडच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने अविवाहित सहवासाला संरक्षण दिले ते 'विवाहसदृश' या शब्दाने. आणि २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्या सांगितल्या, त्यांतली एक म्हणजे जोडप्याने समाजात पती-पत्नीसारखे वावरले पाहिजे. तिथे मापाची पट्टी विवाहाची आहे, इथे काळाची.

कोल्हापूरहून आत्या फोनवर म्हणतात, "अगं, सही करून मोकळे व्हा की एकदाचे!" सल्ला व्यवहाराचा आहे. एका सहीने आम्ही वरच्या पायरीवर जाऊ. पण ती सही आम्ही कधी केलीच, तर तिचे कारण परवान्याची मुदत असू नये, एवढे आम्हा दोघांना कळते. नकार आला तर या आग्रहाची किंमत मोठी पडेल, हेही कळते.

अर्जाच्या चळतीत गेल्या हिवाळ्यातली दोन वीजबिले आहेत. त्या दोन महिन्यांत आमच्यात अबोला होता. बिले मात्र दोघांच्या नावे आली, आणि दोघांनी निम्मी-निम्मी भरली. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांत केवळ पत्ता दिसेल. आम्हाला विचाराल तर, साऱ्या चळतीत याहून सबळ पुरावा नाही.