निरुपद्रवी जीवाणूचा जीनोम वाचताना

स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जीवाणू जवळपास प्रत्येक माणसाच्या कातडीवर असतो. काखेत, कपाळावर, नाकपुड्यांत तो आयुष्यभर राहतो आणि सहसा कुणाला त्रास देत नाही. तोच कृत्रिम खुब्यावर, हृदयाच्या कृत्रिम झडपेवर किंवा शिरेत घातलेल्या नळीवर जाऊन बसला की औषधांना दाद देत नाही. पुष्कळदा बसवलेला सांधाच काढावा लागतो. मग कातडीवरचा कुठलाही एपिडर्मिडिस असा आजार घडवू शकतो, की काही ठरावीक वाणच? ब्लड अगारच्या डिशवर दोन्हींच्या वसाहती सारख्याच पांढरट आणि वाटोळ्या दिसतात. फरक डीएनएमध्येच शोधावा लागतो.

त्यासाठी आधी पेशी फोडायची. अनेक जीवाणूंची भिंत लायसोझाइमने विरघळते, पण स्टॅफिलोकॉकस त्याला बधत नाही. इथे लायसोस्टॅफिन लागते, आणि हे विकर मिळाले स्टॅफिलोकॉकसच्याच एका भाऊबंदाकडून. ते घातल्यावर गढूळ द्रावण हळूहळू निवळते आणि दाटसर, तार धरणारे होते. डीएनए बाहेर आल्याची ती खूण.

पुढे सुमारे 25 लाख अक्षरांचा जीनोम तुकड्यातुकड्यांनी वाचून संगणकावर जुळवला जातो. वाचन आता सोपे झाले आहे. खरे कसब तुलनेत आहे. एका वाणातली शेकडो जनुके दुसऱ्यात नसतात. त्यांतली आजाराशी निगडित कोणती? बरीच वर्षे सगळी भिस्त आयसीए या जनुकसमूहावर होती, कारण पृष्ठभागाला चिकटून राहणारा बायोफिल्मचा थर बांधायला तो मदत करतो. पण आयसीए नसलेले वाणही संसर्ग करतात.

2018 मध्ये ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या सॅम्युएल शेपर्ड यांच्या गटाने रुग्णांच्या रक्तातून व जखमांतून मिळालेले वाण निरोगी माणसांच्या कातडीवरच्या वाणांशी ताडून पाहिले. संसर्गाशी जोडलेले घटक 61 जनुकांत सापडले. हे घटक एका वाणातून दुसऱ्यात उडी घेतात, त्यामुळे परस्परांपासून दूरचे वाणही आजार घडवू शकतात.

अशा तुलनेत नात्यागोत्याची मोठी अडचण असते. एका कुळातल्या सगळ्यांचे नाक सारखे असले म्हणून त्या कुळातल्या आजाराचे कारण नाक ठरत नाही; तसेच एका वंशातल्या वाणांत एखादे जनुक सर्वत्र दिसले, तरी ते नुसते वंशाबरोबर आलेले असू शकते. वंशवृक्ष हिशेबात न धरता काढलेली यादी विश्वासार्ह नसते. दुसरी अडचण रुग्णालयाची. मेथिसिलिनला न जुमानण्याची शक्ती देणारे मेक-ए हे जनुक संसर्गाच्या नमुन्यांत अधिक आढळते, पण त्यामागे प्रतिजैविकांच्या सततच्या माऱ्यात टिकून राहणेही असते. म्हणून बायोफिल्म किती बनतो, पेशींना किती इजा होते, हे प्रयोगशाळेत मोजावेच लागते. बाथच्या गटाने तेही केले, हे त्या कामाचे मोठे बळ.

त्याच अभ्यासात 415 वाणांपैकी कोणता संसर्गातला आणि कोणता निरोगी कातडीवरचा, हे संगणकाच्या प्रारूपाने 80 टक्के अचूकतेने ओळखले. शस्त्रक्रियेआधी धोका हेरण्याच्या दृष्टीने ही आशादायक सुरुवात आहे, पण पाचातला एक अंदाज चुकणे शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना परवडणारे नाही. शिवाय एकाच माणसाच्या कातडीवर एपिडर्मिडिसचे अनेक वंश एकत्र नांदत असतात. स्वॅबच्या डिशवरून एकच वसाहत उचलली, तर धोक्याचा वाण हातून निसटू शकतो. त्यामुळे शरीरावरच्या निरनिराळ्या जागांवरून नमुने घेऊन प्रत्येकातल्या अनेक वसाहतींचे जीनोम वाचावे लागतात.