धन आणि ऋण

शिकविण्याची खोड सेवानिवृत्तीनंतरही सुटत नाही, याचा प्रत्यय आम्हांस मालवणास घरीच आला. आमच्या वडील बंधूंनी १९५२ सालचा फोर्ड मालट्रक मोठ्या हौसेने जतन करून ठेविला आहे. गतवर्षी त्याची बॅटरी बदलावयाची होती. वृद्ध मिस्त्री म्हणाले, "मास्तरांनू, हिचो प्लस चेशीक लागता." हल्लीच्या गाड्यांत ऋणाग्रच सांगाड्यास जोडितात, एवढे आम्ही जाणून होतो, तेव्हा त्यांस बाजूस सारून आम्ही पुतण्याकडून तसेच जोडविले. इंजिन सुरू होताच कट-आउट जळाला, तारांतून धूर निघाला. बंधू काही बोलले नाहीत. ते मौनच आम्हांस झोंबले.

दोष आमच्या अर्धवट विद्येचा होता. त्या काळच्या फोर्ड गाड्यांत धनाग्रच सांगाड्यास जोडीत; अमेरिकेत फोर्डने ती रीत १९५६ पासून पालटली. डायनामोच्या लोखंडात पूर्वीचे चुंबकत्व शिल्लक असते. बॅटरी उलटली की दोहोंचे दाब एकमेकांस न रोखता एकत्र होतात आणि प्रवाह बेसुमार वाढतो. वस्तुतः धन-ऋण ही अठराव्या शतकात फ्रँकलिनने रूढ केलेली नावे. इलेक्ट्रॉन तर ऋणाग्राकडूनच निघतात!

मिस्त्रींनी बॅटरी सुलट जोडली, नवा कट-आउट बसविला, खाऱ्या हवेने गंजलेला सांगाड्याचा जोड घासून लख्ख केला. दिवे उजळले, तेव्हा बंधूंच्या देखत आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते नुसते हसले. ते ऋण मात्र आमच्या खाती कायम आहे.