कोंबडीचं काय चुकलं?

डोनाल्ड डक तुमच्या ओळखीचा आहेच. खलाशाचा निळा सदरा, डोक्यावर टोपी, आणि बोलणं असं की निम्मं कळतं अन् निम्मी नुसती फडफड! तुमच्या आईबाबांनी नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर त्याच्या भाच्यांच्या गोष्टी पाहिल्या असतील. पण हा डोनाल्ड पहिल्यांदा पडद्यावर आला, तेव्हा तो काही नायक नव्हता बरं का! त्या चित्रपटाची नायिका होती एक कोंबडी.

'द वाइज लिट्ल हेन', म्हणजे 'शहाणी कोंबडी', हे त्या चित्रपटाचं नाव. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनं तो १९३४ साली काढला. दिग्दर्शक होते विल्फ्रेड जॅक्सन. चित्रपट कसला, सात-आठ मिनिटांचा खेळ! डोनाल्डला आवाज दिला क्लॅरेन्स नॅश यांनी, आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तेच देत राहिले. हे नॅश पूर्वी बकरीच्या करडाच्या आवाजात कविता म्हणून दाखवायचे. म्हणजे तुमचा लाडका बदक खरं तर बकरीच्या घशातून बोलू लागला!

गोष्ट अगदी साधी. कोंबडीला मका पेरायचा आहे. ती मदत मागायला पीटर डुकराकडे जाते, मग होडीवर नाचत असलेल्या डोनाल्डकडे जाते. कामाचं नाव काढताच दोघांच्या पोटात कळ येते. (सोमवारी सकाळी आमच्या वर्गातही अशी बरीच पोटं दुखतात.) बिचारी कोंबडी आपल्या पिल्लांना घेऊन पेरणी करते. पीक येतं, सोंगणीची वेळ होते, आणि पुन्हा तीच पोटदुखी! शेवटी मक्याचे नाना पदार्थ शिजतात, तेव्हा मात्र दोघं खायला एका पायावर तयार. कोंबडी त्यांना देते काय? एरंडेल! पोटदुखीवरचा उपाय. आणि स्वतः पिल्लांसह जेवते.

मूळ गोष्ट याहूनही जुनी आहे. अमेरिकेत 'सेंट निकोलस' नावाचं मुलांचं मासिक निघायचं. त्यात ती १८७४ साली छापून आली होती. तिथे मक्याऐवजी गहू होता. चित्रपट निघाला तेव्हा अमेरिकेत महामंदी चालू होती. लाखो लोक काम शोधत फिरत होते आणि काम मिळत नव्हतं. अशा दिवसांत काम टाळणाऱ्या दोन आळशांना पाहून थिएटरातले लोक हसले असतील की चिडले असतील, असं माझ्या मनात नेहमी येतं.

कारण हसणं सगळ्यांचं सारखंच, पण मत ज्याचं त्याचं निराळं असतं. दिवाळीच्या सुट्टीत मी अमरावतीला माहेरी गेले होते. तिथे भाच्यांना हा चित्रपट दाखवला. सातवीतली भाची म्हणाली, "आत्या, फारच हळू चालतं गं हे!" धाकट्याला डोनाल्डची चोच खटकली. "इतकी लांब कशी? आताच्या डोनाल्डची तर छोटी आहे." खरंच, पहिल्या डोनाल्डची चोच चांगली लांबलचक आहे. मग तो म्हणाला, "पण त्या बाटलीत होतं काय?" एरंडेल म्हणजे काय हे घरातल्या एकाही मुलाला माहीत नव्हतं.

माझ्या आईला मात्र पुरतं माहीत होतं. नुसत्या नावानंच तिनं असं तोंड केलं, की पोरं चित्रपटापेक्षा तिलाच जास्त हसली. तिच्या लहानपणी नाक दाबून एरंडेल पाजत. कोंबडीबद्दल तिचं मत एकदम पक्कं होतं. "पोट दुखते म्हणाले, तं तिनं औषध दिलं. कोंबडीचं काय चुकलं?"

माझ्या भावाला हे पटेना. तो म्हणाला, "अगं आई, तूच तर सांगायचीस ना, खळ्यावर आलेल्या माणसाला कोणी रिकाम्या हातानं परत पाठवत नसे?" आता खळं म्हणजे काय, हेही पोरांना सांगावं लागलं. शेतातली जागा सारवून तिथे ज्वारीची मळणी करायची, रास लावायची. मग सुतार, लोहार, कुंभार आपापल्या बलुत्याचं धान्य न्यायला यायचे. त्यांनी वर्षभर काम केलेलं असायचं, तो त्यांचा हक्कच. पण ज्यांनी काही केलं नाही असेही यायचे, आणि त्यांच्याही पदरात पसाभर दाणे पडायचे. आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते मागाले येत होते. पोटदुखीचं सोंग घेऊन नाही येत होते." माझं मत विचाराल, तर मला आईचं बोलणं पटलं. मागणं वेगळं आणि फसवणं वेगळं.

सुट्टी संपली. माझी शाळा अकोला जिल्ह्यात, एका छोट्या गावात आहे. तिथे लोकवर्गणीतून टीव्ही आला आहे. त्यावर तिसरी-चौथीच्या मुलांना तीच 'शहाणी कोंबडी' दाखवली. मुलांनो, आपण शहाण्या माणसांशी बोलतोय असं शिक्षकालाही कधी कधी वाटतं, ते असं!

पहिलाच आवाज आला, "मॅडम, कोंबडी कायले पेरते? ते तं पेरलेलं उकरून खाते!" सगळा वर्ग हसला. दुसरा म्हणाला, "अन् डुकराले बोलावलं मका पेराले? आमच्या वावरात रानडुकरं घुसले होते, एका रात्रीत सारे भुट्टे भुईसपाट!" त्याच्या मते डुकरानं घरी बसून पोट धरलं, हे कोंबडीचं नशीबच. आणखी एकानं विचारलं, "इतका मका लावला, मंग पऱ्हाटी कुठी हाय?" शेत म्हटलं की कापूस असणारच, ही आमच्याकडची समजूत!

मग तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. ती त्याच दिवशी शाळेत आली होती, आठ दिवसांनंतर. ती म्हणाली, "मॅडम, कोंबडीनं डुकराले विचारलं. बदकाले विचारलं. पिल्लाइले विचारलंच नाही."

वर्गात शांतता. मग मागून एक मुलगा म्हणाला, "घरच्याइले काय विचारा लागते?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पऱ्हाटीची सगळी बोंडं एकदम फुटत नाहीत. त्यामुळे कापूस दोन-तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा वेचावा लागतो, आणि तोही हातानं. अवकाळी पाऊस आला तर फुटलेला कापूस भिजून खराब होतो. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी किलोवर मोजावी लागते. मग घरातले सगळेच वावरात जातात. त्या दिवशी माझ्या बावीस मुलांपैकी तेरा हजर होती.

त्या मुलीच्या बोलण्यात तक्रार नव्हती हं. मधल्या सुट्टीत तिनंच मला अभिमानानं सांगितलं, "मी एका दिवसात बारा किलो वेचला." आईची पाठ दुखते, म्हणून ती स्वतःहून जास्त वेचते. तिला कापूस वेचता येतो याचं मला कौतुकच आहे. पण भागाकार शिकवायला घेतला, त्या आठवड्यात ती वावरात होती. तो तिचा आठवडा मला परत आणायचा आहे, म्हणून आता रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही दोघी बसतो.

आईबाबांनो, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, असा कायदा २००९ साली झाला. तो तुम्हाला ऐकवायला मी हे लिहीत नाही. वेचणीच्या दिवसांत घरात काय ओढाताण असते, ते मी पाहते. रविवारी पोरगी तुमच्यासोबत वावरात आली, तर मी काही बोलणार नाही. सोमवारी मात्र तिला पाठवा. दोन दिवस नाहीच जमलं, तर निदान तिला विचारा, शाळेत काय चालू आहे म्हणून.

वर्गातला वाद काही मिटला नाही. "विचारा लागते" आणि "नाही लागत" असे दोन तट पडले. शेवटी ठरलं, की चित्रपट पुन्हा लावायचा. या वेळी डोनाल्डकडे कोणी पाहीना. सगळ्यांचे डोळे पिल्लांवर! पिल्लं नेमकी किती, ते मोजायचं होतं. पण ती इतकी इकडून तिकडे पळतात, की कोणाची अकरा भरली, कोणाची चौदा. ती मुलगी पडद्याजवळ जाऊन बोटानं मोजत होती. "थांबवा नं मॅडम, थांबवा!" असं तिनं सांगितलं की मी चित्र थांबवायची. घंटा झाली, तरी मोजणी चालूच होती.