पित्तनलिकांच्या निराळ्या वाटा

शरीररचनेच्या पाठ्यपुस्तकातील यकृताचे चित्र मोठे नीटनेटके असते. उजव्या भागातून एक पित्तनलिका येते, डाव्या भागातून एक. दोन्ही यकृताच्या तळाशी एकत्र होतात, पुढे पित्ताशयाची नलिका त्यांना मिळते आणि सारे पित्त लहान आतड्याच्या आरंभी उतरते. प्रत्यक्षात मात्र ही रचना जेमतेम ५५ ते ६० टक्के लोकांतच जशीच्या तशी आढळते.

उरलेल्यांत निसर्गाने वाटा बदललेल्या असतात. यकृताच्या उजव्या भागातील मागची नलिका कोणात थेट डाव्या नलिकेला मिळते, कोणात तीन नलिका एकाच ठिकाणी येतात, तर कोणात ती बरीच खाली, पित्ताशयाच्या नलिकेलगत मुख्य प्रवाहात शिरते. हा आजार नव्हे आणि व्यंगही नव्हे. हाताच्या पाठीवरील शिरांची नक्षी जशी प्रत्येकाची निराळी, तसेच हे.

साध्या सीटी स्कॅनमध्ये निरोगी नलिका बारीक असल्याने बहुधा स्पष्ट दिसत नाहीत. त्यासाठी पित्तावाटे बाहेर पडणारे औषध शिरेतून देऊन विशेष सीटी करतात, किंवा एमआरआय यंत्रावर एमआरसीपी ही तपासणी करतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णास यकृत प्रत्यारोपणाचा सल्ला मिळाला. तिशीतील कन्या दाता म्हणून पुढे आली. सीटीमध्ये तिच्या यकृताचे आकारमान व रक्तवाहिन्या योग्य ठरल्या. एमआरसीपीच्या अहवालात मात्र ‘व्हेरिअंट’ हा शब्द आला. ती दवाखान्यात येऊन म्हणाली, “डॉक्टरकाका, दोष माझ्यातच निघाला. आता बाबांना मी काहीच देऊ शकणार नाही का?”

मी कागदावर आकृती काढली. तिची उजवीकडील मागची नलिका डाव्या नलिकेला मिळत होती. उजवा भाग काढल्यास त्यावर एकाऐवजी नलिकांची दोन तोंडे येणार आणि ती दोन्ही जोडावी लागणार. काम अधिक नाजूक, पण अशक्य नव्हे. “निर्णय शल्यचिकित्सकांचा आहे,” मी म्हणालो. “त्यांनी नाही म्हटले, तरी ते तुम्हा दोघांच्या सुरक्षिततेसाठी असेल. त्याने तुझी माया उणी ठरत नाही, बाळ.” पुढे तिला दाता म्हणून स्वीकारण्यात आले. नाकारले असते, तरी माझे उत्तर हेच राहिले असते.

पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेतही या वेगळेपणाला महत्त्व आहे. निराळ्या वाटेची नलिका पित्ताशयाची समजून कापली जाण्याचा धोका असतो. म्हणूनच पित्ताशयाकडे जाणारी नलिका आणि रक्तवाहिनी या दोनच गोष्टी स्पष्ट दिसेपर्यंत सावध सर्जन काहीही कापत नाही. अशा वेळी ऑपरेशन लांबले, किंवा पोट उघडून करावे लागले, तर ते अपयश मानू नये. शस्त्रक्रियेनंतर डोळे पिवळे झाले, ताप आला किंवा पोटदुखी वाढत गेली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वरित सर्जनना गाठावे.

वाचकहो, आपल्या अहवालात असा शब्द आढळल्यास घाबरू नका. त्यावर औषध नाही, पथ्य नाही. तो अहवाल फाईलमध्ये जपून ठेवा आणि पुढे कधी पित्ताशयाची वा यकृताची शस्त्रक्रिया ठरली, तर सर्जनना आधी आवर्जून दाखवा.