मर्जमध्ये हरवलेल्या ओळी

कडोदरा चार रस्त्याजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही चार माणसं आसपासच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांच्या हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळतो. गेल्या वर्षी पगाराच्या आदल्या दिवशी एका मिलमधून फोन आला, की रात्रपाळीवाल्यांचा ओव्हरटाइम परत कमी दिसतोय. त्यातला ‘परत’ मला झोंबला. रात्री बारानंतर तारीख बदलली की कामाचे तास दोन दिवसांत तुटायचे, ही चूक पंधरा दिवसांपूर्वीच सापडली होती. ती दुरुस्त करायचं काम मी आमच्याकडच्या नंदुरबारच्या मुलाला दिलं होतं.

मी ‘गिट लॉग’ लिहून पुढे त्या फाइलचं नाव टाकलं. माझी कमिट्स दिसली, त्याचं एकही नाही. सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, “तू हे केलेलंच नाहीस.” तो म्हणाला, “केलं होतं भाऊ,” आणि गप्प बसला. बावीस वर्षांचा मुलगा, पहिलीच नोकरी. तो गप्प बसला म्हणजे माझंच खरं, असं मी धरून चाललो.

तुमच्यापैकी जे कंप्युटर शिकताय त्यांना गिट माहीतच असेल. घरातल्या बाकीच्यांसाठी आमच्याच घरची गोष्ट सांगतो. धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी पत्रिकांची यादी ताईच्या लग्नातल्या वहीवरून करायची ठरली. वहीच्या दोन नकला काढल्या. एक कडोदऱ्याला नानांकडे राहिली, दुसरी अमळनेरला काकांकडे गेली. नानांनी लूमवरचे जुने सोबती वाढवले, काकांनी भाऊबंदांचे पत्ते सुधारले, मधल्या काळात जे गेले त्यांची नावं खोडून घरच्यांची लिहिली. मग दोन्ही वह्या माझ्यापुढे आल्या आणि पक्की यादी करायचं काम माझ्याकडे. गिटमध्ये यालाच मर्ज म्हणतात, आणि त्या दोन वह्या म्हणजे मर्जचे पेरेंट, आईबापच म्हणा.

अमळनेरच्या पानावर दोघांचीही खाडाखोड होती. मला घाई होती, नानांचं अक्षर स्वच्छ. मी त्यांचं पान जसंच्या तसं उतरवलं. वर्षभरापूर्वी वारलेल्या एका काकांच्या नावानं पत्रिका गेली आणि ती काकूंच्या हातात पडली. त्या लग्नाला आल्या नाहीत. नंतर नाना स्वतः अमळनेरला जाऊन बसून आले.

आता ती पक्की यादी गिटला दाखवली आणि विचारलं, ‘या मर्जमध्ये काय बदललं?’ तर त्या पानाबद्दल तो अक्षरही बोलणार नाही. पान एका वहीशी तंतोतंत जुळतं ना! साध्या कमिटला एकच पेरेंट असतो, तिथे फरक दाखवणं सोपं. दोन पेरेंट असले की फरक कोणापासून मोजायचा? ‘गिट शो’चं उत्तर असं, की जे सगळ्याच पेरेंटांपेक्षा वेगळं आहे तेवढंच दाखवायचं. बाकीचे बदल त्या त्या ब्रँचमध्ये आधी दिसलेले असतातच, परत कशाला? याला कंबाइंड डिफ म्हणतात. त्यात ओळीच्या डावीकडे प्रत्येक पेरेंटसाठी अधिक-उणे चिन्हांचा एक स्तंभ असतो. दोन्ही स्तंभांत अधिक असेल तर ती ओळ कोणाच्याच वहीतली नाही, जोडणाऱ्यानं पदरची घातलेली. तीन पेरेंट असले तर तीन स्तंभ. दोनपेक्षा जास्त पेरेंटांच्या मर्जला ऑक्टोपस म्हणतात. लिनक्सच्या कोडमध्ये 2014 साली चक्क 66 पेरेंटांचं एक मर्ज आलं होतं. गिटचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं त्याला ऑक्टोपस म्हणायचंही नाकारलं, कथुलू नावाच्या गोष्टीतल्या राक्षसाची उपमा दिली. 66 स्तंभ पडद्यावर कसे मावणार, देव जाणे.

ही पद्धत मला आजही शहाणपणाची वाटते. रोजच्या मर्जमध्ये सगळं दाखवलं तर माणूस वाचणारच नाही. पण कोणाच्या ओळी सोडून दिल्या, हे ती सांगत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ते मर्ज उघडलं. ‘गिट शो’नं दोन पेरेंटांचे क्रमांक, माझं नाव आणि तारीख दाखवली, खाली काहीच नाही. मग ‘एम’ हा पर्याय लावला. त्यानं प्रत्येक पेरेंटशी वेगवेगळा फरक काढून दिला. माझ्या बाजूशी त्या फाइलचा काही फरक नव्हता. त्याच्या बाजूशी तुलना केली तेव्हा रात्रपाळीच्या अकरा ओळी, प्रत्येकीपुढे उणे. कॉन्फ्लिक्ट आल्यावर मी माझी अख्खी फाइल ठेवली होती. पान स्वच्छ दिसलं म्हणून!

आणि इतिहासात त्याचं कमिट का नव्हतं? मर्जमधली फाइल एका पेरेंटसारखीच असेल तर ‘गिट लॉग’ त्या फाइलसाठी फक्त त्याच पेरेंटच्या वाटेनं मागे जातो. दुसऱ्या वाटेवरचं काम वगळतो. ‘फुल हिस्टरी’ हा पर्याय लावल्यावर त्या मुलाचं कमिट नाव-तारखेसकट समोर आलं. 2022च्या एप्रिलमध्ये आलेल्या गिटच्या 2.36 आवृत्तीपासून ‘रीमर्ज डिफ’ही आहे. तो तेच मर्ज स्वतः परत करून बघतो आणि जोडणाऱ्यानं त्यात काय फिरवलं ते दाखवतो. आमच्या कंप्युटरवर तो होता, मीच कधी वापरला नव्हता.

रात्री बसून त्या ओळी परत घातल्या. तरी पगार एक दिवस उशिरा झाला. मिलवाल्यांना चूक माझी असल्याचं सांगितलं. ते सोपं होतं, ते फोनवर होते. सकाळी ऑफिसात त्याच तिघांसमोर तेच सांगताना घसा कोरडा पडला. तो मुलगा म्हणाला, “मी पण लॉग बघितला होता भाऊ. मला वाटलं, मीच पाठवायला विसरलो. रूमवर जाऊन रात्रभर तेच शोधत होतो.”

त्या आठवड्यात त्यानं न सांगता आमची वर्षभरातली सगळी मर्ज ‘रीमर्ज डिफ’नं तपासली. अशी आणखी एक फाइल सापडली. तीही मीच जोडलेली.